गावाचा पैसा कुठे गेला? वही उघडून आणि पाखाडी मोजून बघायची पद्धत

एसटीच्या थांब्यावर, तिकटीवरच्या चहाच्या टपरीत, गणपतीत आरत्या आटपल्यावर ओटीवर बसलेल्या मंडळीत विषय एकच असतो. सिलिंडर केवढ्याला झाला, घरपट्टी का वाढली, नळाला पाणी नाही तरी नळपट्टी कसली, आणि शेवटी "पैसे सगळे खाल्ले". दिल्ली-मुंबईच्या खर्चाबद्दल आपण नुसतं मत देऊ शकतो. गावच्या खर्चाचं तसं नाही. पाखाडी, म्हणजे वाडीतली बांधलेली पायवाट, दारातून जाते, तिची लांबी टेपने मोजता येते आणि तिचं बिल पंचायतीच्या दप्तरात असतं. त्यामुळे "खाल्ले" म्हणण्याआधी किंवा "आपला सरपंच देवमाणूस" म्हणण्याआधी तपासून घेता येतं. त्याला शिक्षण फारसं लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

पैसा कुणाचा, हे आधी ठरवा

निम्मी भांडणं इथेच चुकतात. कोकणातल्या एका गावात पाच-सहा हातांनी कामं होतात. गावातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, गावाला जोडणारा बहुधा जिल्हा परिषदेचा, वाडीतली पाखाडी ग्रामपंचायतीची. किनाऱ्यावरचा धूपप्रतिबंधक बंधारा मेरीटाइम बोर्डाचा किंवा पत्तन विभागाचा. वहाळावरचा साकव (छोटा पूल) कधी जिल्हा वार्षिक योजनेतून होतो, कधी आमदार निधीतून. आमदार निधीचं काम आमदार सुचवतात, मंजुरी जिल्हा पातळीवर मिळते आणि ते काम भलतंच खातं करतं. 'पंचवीस-पंधरा' म्हणतात तो ग्रामविकास खात्याच्या २५१५ या लेखाशीर्षाचा (सरकारी हिशेबातल्या खात्याचा) पैसा. यातलं काम ग्रामपंचायतीने स्वतः केलेलं नसेल, तर त्याचं बिल तिच्या रोकड वहीत सापडणार नाही. मग सरपंचाला कितीही धारेवर धरलं तरी हाती काही येत नाही.

म्हणून कामाचा फलक बघा. योजनेचं नाव, रक्कम, ठेकेदार, काम सुरू आणि पूर्ण झाल्याच्या तारखा, दोष दुरुस्तीचा कालावधी (ज्यात काम बिघडलं तर ठेकेदाराने दुरुस्त करायचं). काम सुरू होताच मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. एका पावसात फलकावर शेवाळ चढतं, दुसऱ्या पावसात तो रानात दिसेनासा होतो. फलकच लावला नसेल तर ग्रामपंचायतीला एका ओळीचं पत्र द्या: हे काम कोणत्या योजनेतून, कोणत्या यंत्रणेमार्फत आणि किती रकमेचं?

अर्थसंकल्प: नमुना १

ग्रामपंचायतीच्या प्रत्येक वहीला नमुना क्रमांक असतो आणि तो ठाऊक असला की टोलवाटोलवी कमी होते. नमुना १ म्हणजे अर्थसंकल्प, नमुना ५ रोकड वही, नमुना ८ कर आकारणी, नमुना ९ कर मागणी, नमुना १० कर वसुलीची पावती. एवढ्यावर सामान्य माणसाचं ऐंशी टक्के काम भागतं.

नमुना १ च्या जमेच्या बाजूला स्वतःचं उत्पन्न दिसेल: घरपट्टी, दिवाबत्ती, दाखल्यांची फी, गाळ्यांचं भाडं. त्यानंतर वित्त आयोगाचं अनुदान आणि इतर अनुदानं. ज्या गावात जमिनींचे व्यवहार फार, तिथे मुद्रांक शुल्काच्या अनुदानाची ओळ नक्की बघा. चिरेखाणी असतील तर गौण खनिजाची.

सगळ्यात जास्त गैरसमज वित्त आयोगाबद्दल आहे. पंधराव्या आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांत पैशाची विभागणी ठरलेली होती: ६० टक्के बंधित (ठरलेल्या कामांनाच), ४० टक्के अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे). बंधितातला अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. समजा वर्षाला १० लाख आले. त्यातले ३ लाख पाण्याला, ३ लाख गटार, शौचालय, कचरा यांना, आणि रस्ता, पाखाडी, अंगणवाडी, दिवे या सगळ्याला मिळून ४ लाख. या ४ लाखांतून पगारही देता येत नव्हते. तेव्हा "दहा लाख आले, आमच्या वाडीचा रस्ता का नाही" या प्रश्नाचं उत्तर कधी कधी खरंच नियमात असतं. उलट बाजूने, स्वच्छतेचे ३ लाख दरवर्षी खर्ची पडले आणि गावात एक शोषखड्डा नवा दिसत नाही, तर प्रश्न विचारायची जागा ती.

हा पैसा गावात आला की नाही, कोणत्या तारखेला कोणाला गेला, हे घरबसल्या दिसतं. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर किंवा अॅपवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा. वर्षाचा आराखडा, मंजूर कामं आणि झालेला खर्च तिथे आहे. हिशेब ऑनलाइन असणं ही या अनुदानाची अटच होती. त्यात एक अडचण येते. कामाचं नाव "अमुक वाडी रस्ता सुधारणे" एवढंच मोघम असतं आणि एकाच नावाची दोन वर्षांत दोन कामं दिसतात. लगेच घोटाळा म्हणू नका. पहिला टप्पा घाटीपासून देवळापर्यंत आणि दुसरा देवळापासून पुढे असाही असतो. अंदाजपत्रकात सुरुवात आणि शेवट कुठून कुठे ते लिहिलेलं असतं, ते जुळवून बघा.

खर्चाच्या बाजूला तीन ओळी शोधा. स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. अंदाजात या रकमा बरोबर लिहिलेल्या असतात. प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात काय आहे ते बघा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने काहीतरी वस्तू घेऊन हा पैसा संपवायची सवय फार वाईट. गावातल्या दिव्यांग माणसाला काय हवं ते ऑगस्टच्या ग्रामसभेत विचारलं तर तोच पैसा सत्कारणी लागतो.

घरपट्टीचं गणित

घरपट्टी भांडवली मूल्यावर बसते. घराचं क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घर जितकं जुनं तितका कमी होणारा गुणक). आलेल्या रकमेला वापराचा भारांक लावायचा; राहत्या घराला तो १, दुकान-लॉजला जास्त. मग दर हजारी ठरलेला कर.

समजा घर ७० चौरस मीटर. जमिनीचा दर ८००, बांधकामाचा १५,०००, जुनं घर म्हणून घसारा ०.६०. जमिनीचे ५६,००० आणि बांधकामाचे ६,३०,०००, मिळून ६,८६,०००. हजारी १ रुपया दर असेल तर कर ६८६ रुपये. आता आकारणीत घसारा लावायचा राहून गेला तर बांधकामाचे १०,५०,००० होतात आणि कर येतो १,१०६. वर्षाला ४२० रुपये फुकट, आणि आकारणी चार वर्षांसाठी असते.

चुका ठरावीक असतात. कौलारू घराला मागे एक स्लॅबची खोली जोडली तर पूर्ण घराला आरसीसीचा दर लागतो. गोठा, मांगर, पडवी राहत्या क्षेत्रफळात मोजली जाते. घर आजोबांच्या काळातलं, पण नोंदीत वर्ष दुरुस्तीचं. नमुना ८ चा उतारा घ्या, स्वतः टेप लावा आणि फरक असेल तर फेरआकारणीची यादी लागते तेव्हा मुदतीत लेखी हरकत द्या. मुदत गेल्यावर तोंडी कितीही सांगितलं तरी पुढची चार वर्षं तोच आकडा राहण्याची शक्यता जास्त.

नमुना ९ मधली थकबाकीही बघा. आपल्याकडे बंद घरांची थकबाकी मोठी असते. चाकरमानी गणपतीत आणि मे महिन्यात येतात, तेव्हा वसुलीचं टेबल वाडीत लावलं तर वसूल होतं. जूनमध्ये नोटीस लावून कुलूप लावलेल्या दाराकडून काही मिळत नाही.

नळपट्टी: पंपाचं बिल हातात घ्या

नळपट्टीवर वाद घालण्याआधी विहिरीवरच्या पंपाचं वीजबिल मागा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. ५ अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण पावणेचार युनिट खातो. रोज ४ तास चालला तर १५ युनिट, महिन्याला ४५० च्या आसपास. पंपाची कार्यक्षमता धरून थोडं वर जाईल. बिलात ९०० युनिट दिसत असतील तर काहीतरी गडबड आहे. टाकी भरून वाहते आणि पंप बंद करायला कोणी नाही, वाटेत जोड गळतोय, किंवा व्होल्टेज कमी म्हणून तेवढ्याच पाण्याला जास्त वेळ लागतो. मे महिन्यात विहिरीची पातळी खाली गेली की पंप जास्त चालतो, ते समजण्यासारखं आहे. ऑगस्टमध्ये ९०० युनिट येत असतील तर ते नव्हे.

मग जोडा: वीजबिल, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचं मानधन, टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर), वर्षाची दुरुस्ती. बेरजेला जोडण्यांनी भागा. हा आला खरा खर्च. शंभर जोडण्यांपैकी सत्तरच पैसे भरत असतील तर बाकी तिसांचा भार कुठून निघतो हेही त्याच कागदावर दिसेल.

टीसीएलची खरेदी तपासणं सोपं आहे. १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम. ५०,००० लिटरची टाकी रोज एकदा भरत असेल तर रोज २५० ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो. वहीत महिन्याला २५ किलो दिसलं तर विचारा. पण एक लक्षात ठेवा: आपल्या दमट हवेत उघडी पडलेली पावडर महिन्याभरात निकामी होते. तिच्यातला क्लोरीन उडतो, मग जास्त टाकावी लागते किंवा टाकून द्यावी लागते. साठवण कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात आहे का, तेही बघून या.

पाखाडी मोजा

कामाचे चार कागद मागायचे: अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, देयक, पूर्णत्वाचा दाखला. मोजमाप पुस्तिकेला सगळे एमबी म्हणतात. अभियंत्याने जागेवर येऊन लांबी, रुंदी, जाडी त्यात लिहिलेली असते आणि पैसे त्यावरच निघतात.

३० मीटरची टेप, छोटी पोलादी टेप, वही आणि दोन माणसं. पाखाडीची लांबी जमिनीलगत, उताराला धरून मोजा. रुंदी पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढा. जाडी कडेला बघा, जिथे काँक्रीटची कड मातीबाहेर दिसते तिथे, चार-पाच जागी. काँक्रीट फोडून बघायला जाऊ नका. नुकसानीचा ठपका तुमच्यावर येईल.

एमबीत लांबी १०० मीटर, रुंदी १.२० आणि जाडी ०.१० असेल तर काँक्रीट १२ घनमीटर. एकास दोन चार (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला घनमीटरमागे सुमारे ६.४ पोती सिमेंट, म्हणजे ७७ पोती. जागेवर जाडी सात सेंटीमीटरच भरली तर काँक्रीट ८.४ घनमीटर आणि पोती ५४. तेवीस पोत्यांचा फरक. तक्रार लिहायची ती अशी, आकड्यात.

मात्र लोकांकडूनही चुका होतात. पायऱ्या, वळणावरचा चौथरा, कडेची छोटी भिंत यांची मोजमापं वेगळी लिहिलेली असतात, ती न बघता "शंभर मीटरचे एवढे पैसे?" असं होतं. खालचं दगडाचं सोलिंग दिसत नाही, पण त्याचे पैसे असतात. बिलात जीएसटी आणि १ टक्का कामगार उपकर असतो. जिथे टेम्पो जात नाही त्या वाडीत खडी आणि सिमेंट डोक्यावरून न्यावं लागतं, त्याचा दर वेगळा मिळतो आणि तो रास्त आहे. हे सगळं वजा करून जो फरक उरतो तोच खरा.

मोजमाप बरोबर असूनही काम दोन पावसांत उखडतं, त्याची कारणं वेगळी. आपल्याकडे काम करायला दिवाळीनंतरचे सहा-सात महिने मिळतात. मंजुऱ्या रेंगाळतात, मग मार्चअखेरीच्या बिलासाठी सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम सुरू होतं. तेव्हा विहिरी आटत आलेल्या. काँक्रीटला निदान सात दिवस, शक्यतो दहा, पाणी मारावं लागतं. त्यावर गोणपाट किंवा पेंढा घालून ओलं ठेवायचं असतं. उन्हात तिसऱ्या दिवशी सोडून दिलं की वरचा थर भुसभुशीत होतो आणि पहिल्या पावसात खडी उघडी पडते. खाडीची वाळू न धुता वापरली तर मीठ राहतं, लोखंड असलेल्या कामाला ते घातक. कडेला गटार नसेल तर पाणी पाखाडीखाली शिरतं आणि भराव वाहून जातो.

जांभ्याच्या संरक्षक भिंतीत बघायची गोष्ट एकच: पाणी निघायची भोकं. पावसात मागची माती पाणी पिऊन फुगते, पाण्याला वाट नसली की भिंत पोट काढते आणि एके रात्री रस्त्यावर येते. भोकं ठेवलीत का, त्यांच्यामागे दगडांचा भर घातलाय का, हे भिंत अर्धी असतानाच बघायला हवं. नंतर काही दिसत नाही.

कागद मिळत नसतील तर

माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. अर्ज ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, म्हणजे ग्रामसेवकाच्या. २०२४ पासून पदनाम ग्रामपंचायत अधिकारी. "पाखाडी का खचली" असं विचारू नका, कारण द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा:

"सन २०२४-२५ मध्ये (वाडीचे नाव) येथील पाखाडीच्या कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अदा केलेली देयके व पूर्णत्वाचा दाखला यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात."

एवढं पुरतं. दहा वर्षांचं दप्तर एकदम मागितलं की "माहिती व्यापक आहे" असं उत्तर येतं. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. पानाला २ रुपये, मुदत ३० दिवस. मुदत टळली तर माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६) मध्ये आहे. तेवढी ओळ अपिलात लिहा. पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत पंचायत समितीतल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे, २० रुपयांच्या तिकिटावर. दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. बहुतेक प्रकरणं पहिल्या अपिलाच्या सुनावणीआधीच मिटतात, कारण कागद द्यायला कुणाची हरकत नसते, फक्त शोधायचा कंटाळा असतो.

ग्रामसभेत

१९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत पहिली ग्रामसभा घ्यावी लागते. त्या सभेपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च, चालू वर्षाची कामं आणि लेखापरीक्षणाचे शेरे उत्तरांसह ठेवावे लागतात. म्हणजे मे महिन्यातली सभा सगळ्यात महत्त्वाची, आणि त्याच वेळी गावात लग्नं आणि आंबे. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी संख्या, एवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. दहा-बारा माणसांत वर्षाचा खर्च मंजूर होतो तो असा. ऑगस्टची सभा लावणीच्या थकव्यात, २ ऑक्टोबरची कापणीच्या तोंडावर. त्यामुळे प्रत्येक वाडीने पाळी लावून निदान पाच-सहा माणसं पाठवावीत. महिलांची सभा आधी होते, नळपट्टीचा आणि पाण्याचा विषय तिथेच पक्का करून घ्या.

प्रश्न दोन-तीन दिवस आधी लेखी द्या. सभेत उठून "सरपंच, एमबीत जाडी दहा सेंटीमीटर आहे, जागेवर सात भरते, अभियंत्यांना बोलावून आपल्या सगळ्यांसमोर मोजूया" एवढंच म्हणा. आवाज चढला की विषय गटातटाचा होतो आणि मोजमाप बाजूला राहतं. ठराव लिहिला जाईपर्यंत थांबा, वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. तारीख आणि विषय नसलेल्या कोऱ्या पानावर सही कधीच नको. ती हजेरी पुढे कुठल्याही ठरावाखाली दिसू शकते.

संयुक्त मोजणीला कोणी आलं नाही तर मोजमापांचा तक्ता, फोटो आणि ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे, तिथूनही काही झालं नाही तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे द्या. फोटो एकाच जागेवरून दोनदा काढलेला हवा, मेअखेर आणि दसऱ्याच्या सुमारास. दोष दुरुस्तीचा कालावधी फलकावरून टिपून ठेवलेला असेल तर तो संपायच्या आत पत्र जायला हवं. त्या मुदतीतली दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते, आणि त्याची अनामत तोवर परत दिलेली नसते.